आधी फोटो, मग बाबा

माणसं परगावी निघाली की आपली लाज घरीच कुलपात ठेवून येतात की काय, देव जाणे. नाहीतर ज्या घरात दोन रात्री झोपायचं, त्याच घराच्या बेसिनमध्ये चिखलाचे बूट धुवावेत आणि पडद्याला हात पुसावेत, हे कुणाला सुचेल? फौजदारिणीला मात्र आता कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. ऑफिसातून कमी केल्यापासून ती वडिलांचं घर दोन-दोन, तीन-तीन दिवसांसाठी भाड्यानं देत होती, आणि दीड वर्षात तिनं माणसांचे सगळे नमुने पाहून घेतले होते.

फौजदारीण हे नाव बाबांनीच ठेवलेलं. पाहुणे गेले की ती उंबऱ्यात चपला काढायची, मोबाइल हातात घ्यायची आणि एकाही वस्तूला हात न लावता पुढच्या दारापासून मागपर्यंत फोटो काढत जायची, पंचनामा करावा तशी. त्याला कारण होतं. बुकिंग करून देणारी कंपनी नुकसान भरून द्यायची, पण वस्तू जागची हलली नसेल तरच. एखादा तुकडा उचलून कचऱ्यात टाकलात, की मग बसा बोंबलत.

बाबा बस-स्थानकावर चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं बसलेले. तिथं त्यांना सगळे रेडिओ म्हणायचे, आणि निवृत्त झाले तरी हा रेडिओ काही बंद पडला नव्हता. घर भाड्यानं द्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी कुठं जायचं, हा प्रश्न आलाच. लेकीकडे दीड खोली, त्यात चार माणसं, वर चौथा मजला. दोनदा ते जिने चढले. तिसऱ्यांदा म्हणाले, "गुडघे म्हणतायत, तू हो पुढं, आम्ही इथंच थांबतो."

मग मागची खोली त्यांना ठेवली. आत खाट, संडास-मोरी, पाणी तापवायची किटली, गजांची एक खिडकी. जाहिरातीत 'संपूर्ण घर' लिहिलेलं, म्हणून दारावर पाटी लावली: सामान, प्रवेश नाही. एकदा झिंगलेल्या पाहुण्यानं ते दार ढकललं, आत म्हातारा झोपलेला बघून किंचाळला, आणि तक्रार थेट कंपनीकडे. तेव्हापासून पाहुणे असेपर्यंत बाहेरून कुलूप. पहिल्यांदा कुलूप घालताना तिला रडू फुटलं होतं. बाबा आतून म्हणाले, "अगं, रडतेस काय वेड्यासारखी? तीस वर्षं जाळीमागंच बसलो की!"

आणि पाहुणे गेल्यावर पहिलं कुलूप काढायचं नाही, हा नियमही त्यांचाच. जित्याची खोड, दुसरं काय! पसारा दिसला की त्यांचा हात झाडूकडे जायचाच. एकदा तिनं आधी दार उघडलं, तर ती स्वयंपाकघरात फोटो काढतेय तोवर ह्यांनी बैठकीतल्या फुटलेल्या काचा गोळा करून पिशवीत भरल्यासुद्धा. कंपनीनं दमडी दिली नाही. बाबा चार दिवस हळहळले आणि मग त्यांनीच फर्मान काढलं, "मी बाहेर आलो की तुझे पैसे बुडाले. यापुढं आधी फोटो, मग बाबा."

तेव्हापासून तसंच चालायचं. ती आली की आतून काठीची एक ठक. ती म्हणायची, "आले हो!" मग दाराआडून रेडिओ सुरू: "काय गं फौजदारीण, किती मेले, किती जखमी?" ती सांगायची, "दोन कप मेले, खुर्ची जखमी." असं करत दोघं ते घाणेरडं काम हसत निभावून न्यायची.

त्या खेपेला मात्र आठ मित्रांचं टोळकं येणार होतं. बाबांनी साफ सांगितलं, "आठ जण नकोत. मला दारामागं धडधडतं." ती म्हणाली, "बाबा, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"तुझे नेहमी दोनच दिवस असतात. मी काय अडगळ आहे? घाल कुलूप, पण मी तुझ्याशी बोलणार नाही."

"नका बोलू!" ती म्हणाली आणि तिनं कुलूप घातलं.

टोळकं निघायच्या दिवशी सकाळी नऊला तिनं बाबांना फोन केला. चहा घेतलात का, म्हणून विचारलं. "घेतला," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

अकराला टोळकं गेलं आणि ती आत शिरली. आई गं! घर कसलं, उकिरडा झाला होता. सोफ्याला तीन भोकं, सिगारेटची. भिंतीवर लाल दारूचे ओघळ. पडद्याची दांडी एका टोकानं लोंबतेय. गादी ओली, आणि कशानं ओली ते वाकून बघायची सोय नाही. तीन वाजता पुढचं कुटुंब येणार होतं, लहान मूल घेऊन. तिनं डोक्याला हात लावला, आणि मग मोबाइल काढला.

पहिला फोटो काढला आणि आतून ठक झाली.

"आले हो!" ती म्हणाली.

रेडिओ सुरू झाला नाही. थोड्या वेळानं पुन्हा ठक. मग पुन्हा. आवाज बारीक होता, दाराच्या पार खालून आल्यासारखा.

"ऐकू आलं, बाबा! बोलायचं नसलं तर नका बोलू, पण काठी तरी आपटू नका. इथं माझं डोकं उठलंय!"

ठक.

"रुसा! रुसा खुशाल! आधी फोटो, मग बाबा. तुमचाच नियम आहे!"

ती सोफा सोडून भिंतीकडे, भिंत सोडून गादीकडे गेली. प्रत्येक गोष्टीचा एक फोटो जवळून, एक लांबून. मधूनमधून ठक यायची. न्हाणीघरात आली तर बेसिनला आरपार तडा. बेसिन म्हणजे मोठा खर्च. तिनं वाकून तड्याचा फोटो घेतला आणि सरळ होताना तिच्या लक्षात आलं की ठोकणं थांबलंय. गेला एकदाचा राग, तिच्या मनात आलं. तिला बरंसुद्धा वाटलं.

मग तिनं स्वयंपाकघर केलं. फ्रिज आतून केला. छताला अंडं चिकटलेलं होतं, त्याचे खुर्चीवर चढून दोन फोटो घेतले. सगळे मिळून त्रेचाळीस झाल्यावर तिनं किल्ली काढली. "चला, सुटका झाली तुमची," असं म्हणत दार ढकललं, तर ते अर्धंच उघडलं. पलीकडे बाबा पडले होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं. काठी डाव्या हातात होती. जन्मभर उजव्या हातानं काठी धरणारा माणूस.

दवाखान्यात पोचेपर्यंत सव्वा वाजला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटचं नीट कधी बोलले?"

"नऊला. फोनवर."

"तुम्ही घरी कधी पोचलात?"

पिशवीतला मोबाइल फौजदारिणीला मणभर झाला.

"पावणेबाराला," ती म्हणाली. "आले ती तडक दार उघडलं."

डॉक्टरीणबाई कपाळ चोळत म्हणाल्या, "मेंदूतली गुठळी विरघळवायचं औषध शेवटचं नीट बोलल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. तपासण्या होईतो ती वेळ टळेल. अजून पाऊण तास हातात असता तर देता आलं असतं." मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पण तुम्ही काय करणार? आल्याबरोबर उघडलंत ना. स्वतःला दोष देऊ नका." दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी परवडल्या असत्या.

बाबा वाचले. उजवा हात गेला, पाय निम्मा गेला आणि वाचा पूर्ण गेली. समजायचं मात्र सगळं. तिनं मागच्या दाराचा कडी-कोयंडा उखडून टाकला, बुकिंगं बंद केली, आणि मुलांना घेऊन बिऱ्हाडासकट तिथंच राहायला आली. नवऱ्यालाही तिनं पावणेबाराच सांगितलं होतं. घरी येणारे जाणारे म्हणायचे, लेक असावी तर अशी. ती उठून चहा टाकायला आत जायची.

सहा आठवड्यांनी कंपनीचा निरोप आला. भरपाई पूर्ण मंजूर. 'आपले फोटो अत्यंत स्पष्ट व क्रमवार असून प्रत्येकावर वेळेची नोंद असल्याने निर्णय सोपा झाला. पहिला फोटो ११:०४, शेवटचा ११:५२.'

ती तो निरोप वाचत असताना बाबा समोर खुर्चीत बसले होते. त्यांनी डावा हात पुढं केला. मोबाइल हवा होता. पूर्वीही पाहुणे गेले की संध्याकाळी सगळे फोटो बघायचे आणि एकेकाला शिव्या मोजायच्या, हा त्यांचा आवडता उद्योग.

"कशाला, बाबा? राहू दे ना."

हात तसाच पुढं राहिला. ती शेजारी टेकली आणि तिनं मोबाइलवर ते फोटो उघडले. सोफा. भिंत. दांडी. ते एकेक निरखून बघत होते, घशातून नुसता हुंकार येत होता. बेसिन आलं. सव्विसावा फोटो, ११:२९. तिचं बोट थांबलं.

"बाबा," ती म्हणाली, "मी खोटं बोलले. सगळ्यांशी. मी अकरालाच आले होते. तुमची काठी ऐकत होते. हा फोटो काढला आणि तुम्ही थांबलात. मला वाटलं, राग गेला." ती तोंडात पदर कोंबून रडू लागली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. खूप वेळ ते त्या बेसिनकडेच बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट उचललं, काचेवर टेकवलं आणि कसंबसं बाजूला सरकवलं. पुढचा फोटो आला. त्यांनी कोपरानं तिला डिवचलं, बघ म्हणून.

अजून सतरा फोटो होते. त्यांनी एकही गाळला नाही.