थोरलीचं समन्स

कोर्टाची बेलीफ म्हटलं की लोक दार लावून घेतात, हे मला कोणी शिकवायला नको. बावीस वर्षं मी लोकांच्या दारात समन्स घेऊन उभी राहतेय. माझ्या अंगावर कुत्री सोडलीत, वरून बादलीभर पाणी ओतलंय, आणि एका गृहस्थाने तर स्वतः बाहेर येऊन मला सांगितलं होतं की तो घरात नाही. त्याच्याकडूनही मी सही घेतली. त्यामुळे त्या मंगळवारी हेडक्लार्कनी माझ्यापुढे एक कागद टाकला आणि अख्खं ऑफिस तोंड दाबून हसायला लागलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"वाचा बाई, वाचा. प्रतिवादीचं नाव वाचा," हेडक्लार्क म्हणाले.

मी वाचलं. थोरली नदी. राहणार, जुन्या पुलाखाली.

"बरं मग? यात दात काढण्यासारखं काय आहे?"

खरंच काही नव्हतं. चार वर्षांपूर्वी आमच्याच कोर्टाने निकाल दिला होता की थोरली ही कायद्याने एक व्यक्ती आहे. तिला वाहण्याचा हक्क आहे, तिचं पात्र तिच्या मालकीचं आहे आणि तिच्यावर अन्याय झाला तर तीसुद्धा तुमच्याआमच्यासारखी कोर्टात उभी राहू शकते. तिच्या वतीने बोलायला एक सरकारी पालक नेमला होता. ते पालक निवृत्त झाले, त्याला चौदा महिने झाले. त्यांच्या खुर्चीवर आता जुन्या फायली बसतात. नदीला थोरली म्हणतात कारण एक धाकटीही होती. तिला बाजाराखाली पाइपात घातलं तेव्हा कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

आता वरच्या अंगाच्या कारखान्याने दावा लावला होता. म्हणणं काय, तर ही नदी आता अस्तित्वातच नाही. जी नाहीच ती व्यक्ती कसली? तेव्हा तिचं नाव व्यक्तींच्या नोंदवहीतून काढून टाका आणि तिच्या पात्राची जमीन आम्हाला गोदामांसाठी द्या. पालकाची जागा रिकामी, म्हणून समन्स थेट तिच्या नावाने निघालं.

हेडक्लार्कना आम्ही पाठीमागे 'तहकूब' म्हणतो, कारण त्यांच्या टेबलावरचं प्रत्येक काम पुढच्या तारखेवर जातं. त्या दिवशी मात्र त्यांना भलतीच घाई झाली होती.

"कुठे उन्हातान्हात जाताय? इथेच बसून लिहून टाका. 'दिलेल्या पत्त्यावर मिळून आली नाही.' परवा तारीख आहे. चहा सांगू का?"

चहा! बावीस वर्षांत या माणसाने मला पाणी विचारलं नव्हतं. त्या एका ओळीने काय होणार हे न कळण्याइतकी मी खुळी नाही. नदी नाही असं कारखाना म्हणतोय, आणि कोर्टाच्याच बेलीफने 'मिळून आली नाही' लिहून दिलं की झाला पुरावा. एकतर्फी निकाल, आणि थोरलीचा कारभार आटोपला.

आणि ती ओळ मी एकदा लिहिलेली आहे. खोटं कशाला बोलू? नोकरीचं दुसरं वर्ष होतं, माझा पाय मुरगळला होता, आणि एका विधवा बाईचं समन्स मी ऑफिसात बसूनच परत केलं. आमच्यात त्याला टेबलावरची बजावणी म्हणतात. बरेच जण करतात. कोणाच्या लक्षातही येत नाही. ती बाई त्या दिवशी घरातच होती. दावा लागलाय हेच तिला कळलं नाही, आणि चार महिन्यांनी तिची भांडी रस्त्यावर काढताना मलाच तिथे उभं राहावं लागलं. ती रडली नाही की ओरडली नाही. "मला कोणी विचारलं का नाही हो?" एवढंच म्हणाली. आजही तो प्रश्न आठवला की मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

"मी जाऊन येते," मी म्हटलं आणि कागद पिशवीत घातले.

जुन्या पुलाखाली पोचले तर काय, थेंब नाही! दगड, चिखलाच्या खपल्या, एक तुटकी चप्पल. आणि त्या दगडांत कडक इस्त्रीच्या पँटवर धूळ बसू नये म्हणून टाचा उंचावून उभे असलेले कारखान्याचे वकीलसाहेब. सोबत दोन माणसं.

"या बाई, तुमचीच वाट बघत होतो. पंचसुद्धा आणलेत, तुमचा खोळंबा नको," ते म्हणाले. "बघा, आहे का कोणी? लिहा आणि मोकळ्या व्हा."

"पंच मी माझे आणते. तुमचे तुम्हालाच लखलाभ," मी म्हटलं.

आमच्या कामाचा नियम आहे, आणि तो मला पाठ आहे. माणूस पत्त्यावर नसेल तर शेजाऱ्यांकडे चौकशी करायची. कधी गेला, कुठे गेला, परत येणार का. मिळालेलं उत्तर जसंच्या तसं लिहायचं. मी पुलाच्या तोंडाशी गेले. तिथे पंक्चरवाल्याचं दुकान आहे आणि त्याच्या शेजारी एक मावशी लोकांचे कपडे धुऊन देतात. मावशींचा दगड कोरडा पडला होता आणि त्या नुसत्याच त्यावर बसल्या होत्या.

"इथे थोरली राहते ना?" मी विचारलं.

मावशींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "राहत होती. पंधरा दिवस झाले, आलीच नाही."

"कुठे गेली?"

"जाते कुठे? वर कोंडून घातलीय मेल्यांनी!"

पंक्चरवाला हात पुसत पुढे आला. "ताई, एका दुपारी पाणी चाललं होतं, आणि संध्याकाळी बंद. आटायला काही दिवस तरी लागतात की नाही? हे नळ बंद केल्यासारखं झालं."

दावा किती दिवसांपूर्वी लागला ते मी कागदावर बघितलं. सोळा. म्हणजे नदी नाही असं कोर्टात लिहून दिलं, तेव्हा ती वाहत होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्ही दोघं माझ्याबरोबर चला," मी म्हटलं. "पंच म्हणून. जे दिसेल त्याच्यावर सही करायची, न दिसेल त्याच्यावर नाही."

"मला सही येत नाही," मावशी म्हणाल्या.

"अंगठा येतो ना? बास."

वकीलसाहेब मागून ओरडत होते की समन्सवर पुलाचाच पत्ता आहे, त्याच्या पलीकडे जायचा मला अधिकार नाही. मी मागे वळून बघितलंसुद्धा नाही. कोरड्या पात्रातून आम्ही तिघं तासभर चाललो. मावशी सबंध वाटभर शिव्या देत होत्या, आणि पंक्चरवाला मध्येमध्ये "मावशी, कोर्टाच्या बाई आहेत सोबत" म्हणून त्यांना आवरत होता. मी म्हटलं, "देऊ दे. ते काही मी लिहून घेत नाहीये."

कारखान्याच्या मागच्या भिंतीशी पात्र संपलं. भिंत जुनी होती, पण पात्राच्या मधोमध बसवलेलं लोखंडी दार नवंकोरं होतं. त्याच्यावरचं मोठं चाक ग्रीसने चमकत होतं. आम्ही काठावर चढलो आणि पलीकडे बघितलं. थोरली तिथे होती. काठोकाठ भरलेली, हिरवीगार, आणि एका बाजूने खणलेल्या चरातून कारखान्याच्या तळ्यात ओढून नेलेली. दाराच्या फटीतून तिचं पाणी बारीक धारेने बाहेर येत होतं आणि दगडावर पडून जिरत होतं. मावशींनी डोळ्याला पदर लावला.

"ए बाई, इथे यायला मनाई आहे!" पहारेकरी धावत आला. साठीचा असेल, शिट्टी गळ्यात, गणवेश दोन मापं मोठा.

"कोर्टाचं काम आहे, दादा. आत कोण आहे?"

"कोणी नाही. पाणी आहे."

"कोणतं पाणी?"

तो गोंधळला. "म्हणजे... नदी आहे."

"कधीपासून आहे?"

"पंधरा दिवस झाले. मीच चाक फिरवलं. साहेबांनी सांगितलं."

"तिला बाहेर जाता येतं?"

"दार उघडल्याशिवाय कशी जाईल?" असं म्हणाला आणि त्याचं त्यालाच काहीतरी कळलं. त्याने शिट्टी हातात घट्ट धरली. मी ते सगळं शब्द न शब्द लिहून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं. "हेच बोललात ना?" त्याने एकदा दाराकडे बघितलं. मग त्याने सही केली. मी काही त्याच्यावर जबरदस्ती केली नाही.

नियमाप्रमाणे मी दारासमोर उभी राहिले आणि तीनदा नाव पुकारलं. तिसऱ्यांदा मावशींनीही माझ्याबरोबर हाक मारली. मग पिशवीतून खळीचा डबा काढून समन्सची प्रत त्या चमकत्या लोखंडावर चिकटवली. राहिली पोच. सहीच्या रकान्यात काय घ्यायचं? मी कागदाचा तो कोपरा फटीतल्या धारेखाली धरला, ओला झाल्यावर वाळवला आणि बाजूला लिहिलं, 'प्रतिवादीस सही करता येत नाही. पंचांसमक्ष पाण्याची खूण घेतली.' हसायचं त्यांनी हसावं. अंगठ्याला शाई चालते, तर नदीला पाणी का चालू नये?

बुधवारी माझा अहवाल वाचून तहकूब लालबुंद झाले. "हे बदला. आत्ताच्या आत्ता बदला! वरून फोन येतायत. तुमची बदली होईल, दहा तास लांबच्या कोर्टात पडाल, मग मला म्हणू नका."

"तुम्हाला कशाला म्हणेन? तुम्ही काही पाणी अडवलं नाही. तुम्ही फक्त चहा विचारलात," मी म्हटलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो शिंपी आहे, तोंडात टाचण्या धरूनच बोलतो. "अगं, पण बदली झाली तर?"

"तर शिवणयंत्र डोक्यावर घ्यायचं आणि यायचं माझ्यामागे."

त्याने टाचण्या काढल्या. "यंत्र जड आहे. ते तू घे, मी कात्री घेतो," म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी या माणसाचा मला राग धरता येत नाही.

गुरुवारी कोर्ट खच्चून भरलं होतं. वकीलसाहेब उठले. प्रतिवादी गैरहजर आहे, प्रतिवादी अस्तित्वातच नाही, एकतर्फी निकाल द्यावा. न्यायाधीशबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि माझा अहवाल मोठ्याने वाचला.

"'पत्त्यावर पाणी नाही. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या दिशेने गेले असता, प्रतिवादी ही वादीच्याच आवारात, नव्या लोखंडी दारामागे कोंडलेल्या अवस्थेत मिळून आली. दार वादीच्या नोकराने, वादीच्या हुकमाने बंद केल्याचे त्याने सांगितले.'" त्यांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, हे खरं आहे का?"

"बाईसाहेब, ते पाणी आहे. साठवलेलं पाणी. त्याला कोंडलं असं कसं म्हणता येईल? आणि या बेलीफबाईंनी तर कागद भिजवून आणलाय!"

दोन-चार जण हसले. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत.

"ती व्यक्ती आहे असं याच कोर्टाने ठरवलंय. तो निकाल रद्द होत नाही तोवर ती व्यक्तीच आहे. एखाद्या बाईला घरात कोंडायचं आणि वर येऊन सांगायचं की ती मेली, तिची जमीन आमच्या नावे करा. हे तुम्ही माझ्यासमोर बोलताय." बाईंचा आवाज चढला नाही. "उद्या सूर्यास्तापूर्वी दार उघडा. प्रतिवादीसाठी आठ दिवसांत नवा पालक नेमला जाईल, आणि ती मोकळी झाल्यावरच हा दावा चालेल. बेलीफ, तुम्ही स्वतः अंमलबजावणी करा."

शुक्रवारी दुपारी हुकूम हातात पडला. त्याच टपालात माझी बदलीही आली. तहकूबांनी दोन्ही पाकिटं एकदम दिली आणि उगाचच खिडकीबाहेर बघत बसले.

त्या लोखंडी दाराशी कारखान्याचा मॅनेजर उभा होता, कानाला फोन. मावशी आणि पंक्चरवाला माझ्या आधीच येऊन बसले होते. पहारेकरी चाकापाशी खाली मान घालून उभा होता.

"इंजिनिअर नाही, आज जमणार नाही," मॅनेजर म्हणाला. "आणि तुमची तर बदली झालीय. मला सगळं कळतं. तुमचा इथे काय अधिकार?"

"बदली सोमवारपासून आहे," मी म्हटलं. "आज शुक्रवार. आज इथे कोर्ट म्हणजे मी. तुम्ही बाजूला होता, की तुमचं पूर्ण नाव लिहून घेऊ? जज्जबाई मोठ्याने वाचतात, ऐकलं असेलच."

तो फोनमध्ये काहीतरी पुटपुटला, पण बाजूला झाला.

मी पहारेकऱ्याकडे बघितलं. "दादा, तुम्ही बंद केलं होतंत ना?"

"हो."

"मग तुम्हीच उघडा."

त्याने शिट्टी गळ्यातून काढून खिशात घातली आणि चाकाला हात लावला. पाण्याच्या जोराने ते हलेना. पंक्चरवाला चढला, मग मावशी, मग पिशवी खाली टाकून मी. चौघांनी मिळून जोर लावला. दार हातभर उचललं गेलं आणि थोरली अशी काही बाहेर पडली की आम्ही सगळे नखशिखांत भिजलो. मॅनेजरसुद्धा. मावशी पाण्यात उभ्या राहून मोठमोठ्याने रडत होत्या, आणि मीही रडत होते, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही. मी काठावर उभी राहून ओरडले, "जा बाई! आता कोणी तू नाहीस म्हणून तर दाखवू दे!"