चितरीचं वेगळं घर

हिंगण्यातल्या एका घराच्या मागच्या अंगणात उभा असलेला जुना लोखंडी कूलर, तो मी. मित्रांनो, आज माझ्यात पंखा नाही आणि पाण्याचा पंपही नाही. तरी माझी गोष्ट तुम्ही ऐकावी असं मला वाटतं, कारण माझ्या हातून सगळ्यात मोठं काम झालं ते मी बिघडल्यावरच.

नागपुरातल्या एका लहानशा कारखान्यात पत्रा वाकवून मला बनवलं. रुपरावांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांचा मुलगा अमोल शाळेत जात होता. मे महिन्याच्या दुपारी सगळं घर माझ्यासमोर चटया टाकून पडायचं. शेजारचे चंपतराव म्हणायचे, "काय थंडी हवा मारते गा तुमचा कूलर." ते ऐकून मला मोठा अभिमान वाटायचा.

पुढे रुपराव वारले. माझ्या टाकीला गंज चढला आणि पाणी गळू लागलं. अमोलनं प्लास्टिकचा नवा कूलर घेतला आणि मी मागच्या अंगणात आलो. चार वर्षं माझ्या डोक्यावर फुटक्या बादल्या होत्या.

त्याच अंगणात अमोलची आई रुखमाबाई सात कोंबड्या पाळत होती. मार्चमधल्या एका दुपारी कुत्रं आत शिरलं आणि त्यानं त्यातल्या चितरी नावाच्या कोंबडीला धरलं. अमोलची बायको दामिनी झाडू घेऊन धावली. कुत्रं पळालं, पण चितरीच्या पाठीचं कातडं सोललं गेलं होतं आणि तिला एक पाय टेकता येत नव्हता. दामिनीनं तिला पुसून बाकीच्यांत सोडलं. तेव्हा जे झालं ते मी विसरू शकत नाही. रक्त दिसताच तिच्याच सोबतिणी त्या जखमेवर चोची मारू लागल्या. काळी कोंबडी सगळ्यांच्या पुढे होती.

दामिनीनं चितरीला पुन्हा उचललं. दारातून रुखमाबाई म्हणाली, "कापून टाक वं तिले. नाही वाचत ते."

"आई, अजून श्वास चालू आहे तिचा. पाहू द्या मले."

"अन् ठेवशील कुठी? घरात नोको आणू."

"नाही आणत," दामिनी म्हणाली. तिनं अंगणभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली.

अमोल कामावरून आला तेव्हा ती माझी टाकी घासत होती.

"काहून धुऊन राहिली त्याले? उद्या भंगारवाला नेते ना."

"उद्या नाही नेत. तुम्ही फोन करून सांगा त्याले."

तिनं आवाज चढवला नाही, हातही थांबवला नाही. अमोल पक्कड घेऊन आला. त्यानं माझा पंखा काढला, गंजून धारदार झालेल्या कडा ठोकून दुमडल्या आणि पुढच्या बाजूला जाळी बांधली. दामिनीनं आत भाताचं वाळलेलं तणस अंथरलं.

जनावरांच्या डॉक्टरांनी जांभळं औषध दिलं. दामिनी रोज सकाळी कोमट मिठाच्या पाण्यानं जखम धुवायची, औषध लावायची आणि माशा बसू नयेत म्हणून माझ्यावर पातळ कापड टाकायची. ऊन वाढलं तशी ती माझ्या टपावर ओलं पोतं घालू लागली.

जखम सुकत होती, पण चितरी दाण्याला तोंड लावत नव्हती. मला भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. मागून कोंबड्यांचा आवाज आला की ती मान उचलायची आणि पुन्हा कोपऱ्यात बसायची. चौथ्या दिवशी हे दामिनीच्या ध्यानात आलं. ती एकटीच मला ओढू लागली. माझे पाय फरशीवर करकरले. रुखमाबाई बाहेर आली आणि तिनं माझी दुसरी बाजू धरली. दोघींनी मला खुराड्याकडे वळवलं. जाळीपलीकडे कोंबड्या माती उकरत होत्या. चितरी बराच वेळ बघत राहिली. मग तिनं ज्वारीचा एक दाणा टिपला.

महिन्यानं पाठीवरची खपली गळून पडली. दामिनीनं तिला बाहेर सोडलं, पण काळीनं लगेच तिला पिटाळलं. आठ दिवसांनी पुन्हा तेच झालं. कुंपणापलीकडून चंपतराव म्हणाले, "सोड ना तो नाद, पोरी."

"नाही सोडत, काका."

तिसऱ्या वेळी तिनं वेगळंच केलं. चितरीला बाहेर ठेवलं आणि काळीलाच माझ्यात बंद केलं. काळी जाळीला चोची मारून दमली. तीन दिवस बाकीच्या पाच जणी चितरीसोबत दाणे टिपत होत्या. चौथ्या दिवशी काळी बाहेर आली, तेव्हा तिचा तोरा उतरला होता. ती चितरीजवळून गेली आणि खाली मान घालून खाऊ लागली. रुखमाबाई पायरीवर बसून बघत होती. "जमलं वं तुले," ती म्हणाली.

चितरी अजून लंगडते. पाठीवर पिसं नीट आली नाहीत. पण संध्याकाळी ती सगळ्यांबरोबर खुराड्यात शिरते आणि मी रिकामा राहतो. त्याचं मला दुःख नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा वर्गात कोणी दुखापत होऊन मागे पडलं, तर त्याला आरामासाठी वेगळं जरूर ठेवा. फक्त जागा अशी निवडा, की तिथून त्याला त्याची माणसं दिसतील.