दोन चुका काढा

साहेब, कस्तुराला बोलायला लावलं तुम्ही, आणि ती बोलल्यावर तिच्या तोंडाला कुलूपही तुम्हीच लावलं. आता ऐका.

चाकणच्या तुमच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधत कस्तुरा दिवसभर उभी असते. टाचा ठणकून ठणकून झोप लागत नाही. तपासणीच्या टेबलावर बसून काम, पण तिथं जायला तुमची अट होती इंग्रजीच्या सर्टिफिकेटची. क्लास ऑनलाइन. दर आठवड्याला फोरमवर चार ओळी लिहायच्या आणि दुसऱ्याच्या लिखाणातल्या दोन चुका काढायच्या.

आता लाइनवर ज्याची चूक लेखी निघते त्याला मेमो मिळतो, हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणून धम्मरत्नने स्वतःच्या छंदावर काहीबाही खरडलं, तर खाली सगळ्यांचा एकच शेरा: नो डिफेक्ट. रंगरावाने नुसता गुलाबाचा फोटो टाकला. त्यालाही नो डिफेक्ट.

शिकवणाऱ्या दिव्या मॅडम ताथवड्याहून स्क्रीनवर यायच्या. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, इथं मेमो नाही, बिनधास्त भांडा, चर्चाच झाली नाही तर सगळे नापास.

"मॅडम, सोबतच्या माणसाची चूक मी काढायची नाही," कस्तुरा म्हणाली. "दुसऱ्या कशाची काढली तर चालंल?"

"कशाचीही काढा. फक्त इंग्रजीत."

कस्तुराने कँटीनची डाळ घेतली. लिहिलं की डाळीतून ताटाच्या तळावरचं कंपनीचं नाव स्वच्छ वाचता येतं.

झालं, धरण फुटलं. 'येस सर'च्या पुढं कधी न गेलेल्या रंगरावाने भातावर अख्खा परिच्छेद लिहिला. क्लासातच असलेल्या, कँटीनच्या ठेकेदाराच्या मेहुण्याने डाळीची बाजू घेतली, तर धम्मरत्नने त्याला कारणांसकट झोपवला. कंपनीच्या बसमध्ये माणसं एकमेकांना विचारू लागली, राव, खवट तेलाला इंग्रजीत काय म्हणायचं? मॅडमनी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले.

मग ते तुम्ही वाचलं. फोरम बंद, कस्तुराचं सर्टिफिकेट अडकवलं. तिला केबिनमध्ये बोलावून तुम्ही म्हणालात, भाषा सुधारली, वागणूक बिघडली.

"तपासणीच्या जागेवर तुम्हाला घेता येणार नाही, बाई. तुम्हाला चुका काढायची खोड आहे."

कस्तुरा जागची हलली नाही.

"मग त्या टेबलावर बसून माणसानं करायचं काय, साहेब? तेवढं सांगा, मग जाते."