उघडी बशी

टण्ण! झाकण जमिनीवर घरंगळलं आणि पहाटेची शांतता मोडली. चिमुरडी बिरुंगी रात्रीच्या उरलेल्या मटोक्यात, शिजवलेल्या केळ्यांच्या लगद्यात, बोटं घालून बसली होती.

"आधी झाकण ठेव गं!" नाबुकेन्या सवयीनं ओरडली आणि स्वतःच चपापली.

मागच्या आठवड्यात तिनं हेच तर केलं होतं. ती कामाला होती त्या अंडी उबवायच्या हॅचरीत कोंबडीची पिल्लं निघताच मरत होती, बेंब्या ओल्या, घाण वासाच्या. हवेतून काय पसरतंय ते बघायला डॉक्टरीणबाईंनी खोलीखोलीत खळीसारखा थर दिलेली काचेची बशी ठरावीक वेळ उघडी ठेवली; हवेतले जंतू पडले की त्या थरावर ठिपके उगवतात. नाबुकेन्याच्या खोलीत अंडी फुटून पिल्लं बाहेर येतात; पंखा लागला की पिल्लांची पिवळी लव धुक्यासारखी उडते. तिथं उघडी बशी बघून तिला राहवेना. आईच्या घरी रिकामी वाटीसुद्धा कधी उघडी राहिली नव्हती. शेजारी पडलेलं झाकण तिनं बशीवर ठेवलं आणि कामाला लागली. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांना वाटलं, वेळ झाल्यावरच झाकली असेल.

काल निकाल कळला. तिची बशी लख्ख. ट्रे धुणाऱ्या तेओपिस्ताच्या बशीत मात्र ठिपकेच ठिपके.

"अगं बाई, तुझी पिल्लं तोंडावर हात धरून शिंकतात वाटतं!" तेओपिस्ता हसली होती.

मग मालक म्हणाला, "तेओपिस्ता, उद्या शेवटचा दिवस." तिचं हसू तिथंच विरलं.

नाबुकेन्याला रात्रभर काही उमजेना. स्वच्छ कोण, आपण की झाकण? लव तर आपल्याच खोलीत जास्त. तीच दाराखालून तेओपिस्ताकडे जात असेल? पण तिची बशी बरबटली होती, हेही खरंच. सांगावं तर आपलं काम जाणार. गप्प बसावं तर तिचं जाणार, आणि पिल्लं मरायची ती मरणारच.

तिनं बिरुंगीला मांडीवर घेतलं, बोटं पुसली. पोरीच्या केसांत पिवळी लव अडकली होती, आईच्याच डोक्याच्या फडक्यातून आलेली. ती हलकेच काढता काढता नाबुकेन्यानं सगळं सांगून टाकलं. दुसरं होतं कोण ऐकायला?

बिरुंगीनं नीट ऐकून घेतलं.

"आई, मग तेओपिस्ता मावशीच्या बशीवर झाकण का नाही ठेवलंस?"