एकतीस भारद्वाज

भानुमतीबाईंचा सातवीचा वर्ग महिनाभर चिकलठाण्यात पक्षी मोजत होता. दिसलेला पक्षी वहीत टिपायचा आणि संध्याकाळी घरच्यांच्या मोबाइलवरून ॲपवर नोंदवायचा, अशी शिस्त बाईंनी लावली होती. जिल्हाभरातल्या अशा नोंदी श्रीरंग तपासायचा. तो बाईंचाच जुना विद्यार्थी. शनिवारी त्याचा फोन आला.

"बाई, सोमवारी सकाळी एका तासात एकतीस भारद्वाज? तुमच्याकडं कावळेसुद्धा इतके नसतील. पोरांनी मनानंच लिहिलंय. महिन्याच्या सगळ्याच नोंदी बाद कराव्या लागतील."

बाईंनी दोन दिवस मागून घेतले. एक चिमणी दोनदा मोजली म्हणून रडवेली होणारी ही पोरं खोटं लिहितील?

सोमवारी त्या रागावल्या नाहीत. भारद्वाज कोणी कोणी पाहिला, एवढंच विचारलं. एकतीस हात झटकन वर गेले. कुठं पाहिला, तर सगळ्यांचं उत्तर एकच: बंद कंपनीच्या भिंतीमागच्या बाभळीत. सगळे मागच्या सोमवारीच तिकडं कसे गेले, असं विचारल्यावर मात्र सगळे हात खाली आले.

"गणिताचा पेपर होता, बाई," शेवटी शिवम पुटपुटला.

भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं त्याची आजी सांगायची. पक्ष्याचा ठिकाणा त्याला ठाऊक होता, म्हणून त्यानं अख्ख्या वर्गाला रांगेनं नेऊन दर्शन घडवलं. मग प्रत्येकानं इमानदारीत लिहिलं, भारद्वाज, एक.

बाईंना हसू आवरेना. "अरे, पण पक्षी किती होते?"

"एकच. पण पाह्यला तर एकतिसांनी ना, बाई?"

एकत्र पाहिलेल्याची नोंद एकच करायची, हे आपणच शिकवायचं राहिलं, असं बाईंनी कबूल केलं आणि वर्गातूनच श्रीरंगला फोन लावून सारं सांगितलं. तिकडून बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं.

"बाई, दहावीला मीही बघून गेलो होतो," तो म्हणाला. "तीस काढा, एक ठेवा. बाकीच्या नोंदींना हात लावत नाही."

ठेवायची कोणाची? सगळ्यांनी शिवमकडं पाहिलं. पक्षी त्याचाच.

शिवमनं मान हलवली. "माझी नको. मी नुसतं नाव लिवलंय. प्रेरणाची लई भारी हाय."

प्रेरणानं लाजत वही पुढं केली. बाईंनी ती फोनजवळ धरून मोठ्यानं वाचली: "पंख विटकरी, डोळे लालबुंद. तोंडात सरडा. आमच्याकडं बघायला त्याला फुरसत नव्हती."