अजून किती राहिलं?

मी बोलतोय, विमानात तुमच्या पुढच्या खुर्चीच्या पाठीवर असतो ना, तो पडदा. ज्याला तुम्ही कचाकचा बोटं टोचता. जरा हळू हो! पुढे बसलेल्याचं डोकं हलतं.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा तोरा काय विचारता! सिनेमे दाखवायचो, गाणी ऐकवायचो. मग एका बाळाने बाटलीभर दूध माझ्यावर ओतलं आणि सगळं बिघडलं. उरला फक्त नकाशा: इवलंसं विमान, खाली राहिलेलं अंतर आणि राहिलेला वेळ. दुरुस्तीवाले येतात, "नकाशा दिसतोय ना? मग भागतंय," म्हणतात आणि जातात.

परवा माझ्यासमोर एक तिशीची मुलगी बसली. फोनवर भावाला सांगत होती, "दादा, आईला म्हणावं, मी निघालेय. थांब म्हणावं तिला." तेवढ्यात फोन बंद करायची सूचना झाली.

दोन शहरांमध्ये साडेआठ हजार किलोमीटर, अकरा तास. पोरीने माझ्यावरची नजर काढली नाही. जेवण आलं तसं परत गेलं.

शेजारचे काका म्हणाले, "दोन घास खाऊन घे, बाळा. बघत बसल्याने का विमान पळणार आहे?"

"काका, डॉक्टर म्हणालेत, काही सांगता येत नाही." मग तिला रडू आवरेना. एखादा सिनेमा लावून मी तिचं मन तरी रमवलं असतं, पण तेही माझ्या हातात नव्हतं.

त्यात समोरून वारा लागला आणि राहिलेला वेळ कमी व्हायचा सोडून वाढला. तो आकडा मलाच दाखवावा लागला. खोटं बोलता येत असतं, तर हजारभर किलोमीटर मी तिथेच गिळले असते!

तिने हवाई सुंदरीला विचारलं, "जरा जोरात नाही का नेता येणार?"

ती बिचारी खाली बसली, पोरीचा हात धरून म्हणाली, "येत असतं तर नेलं असतं हो, ताई."

सकाळी शहरावर आलो, तर धावपट्टी मोकळी नाही. विमान घिरट्या घालू लागलं. माझ्यावर वीस किलोमीटर, मग पस्तीस, पुन्हा वीस.

"काका, तो पूल दिसला? त्याच्या पलीकडेच हॉस्पिटल आहे. मग उतरवत का नाहीत?" असं म्हणून तिने मला एक चापट मारली. राग नाही आला मला, लाज वाटली.

शेवटी उतरलो. अंतर शून्य. सगळे नेहमीसारखे धडपडत उठले. ती बसूनच होती. फोन सुरू केला आणि काकांपुढे धरला.

"तुम्ही बघा ना. माझ्याच्यानं होत नाही."

काकांनी चष्मा लावला, दादाचा निरोप वाचला आणि उठून वरची तिची बॅग काढली. "चल बाळा. मी येतो तुला घरापर्यंत सोडायला."

"घरी? हॉस्पिटलमध्ये नाही?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"पण मी आलेय ना, काका," ती म्हणाली.

झाडूवाल्या बाईंनी मला पुसलं. आता माझ्यावर पुढच्या शहराचं अंतर आहे. तुम्ही बसलात की किती राहिलं ते खुशाल विचारा, किलोमीटरसकट सांगेन. वेळेवर पोचू का, एवढं मात्र मला विचारू नका हो. मला ते दाखवता येत नाही.