पुलावरचे ठिपके

संक्रांतीच्या सकाळी दुचाकींना कोणते पूल बंद ठेवलेत, हे फोनवर वाचता वाचता ज्ञानदा ओरडली, "बाबा, आपला पूल नाहीये यात!"

माझी ही सून जयपूरच्या झालाना भागातल्या एका कंपनीत नकाशे करते. शहरात पतंगाच्या मांजाने कुठे कुठे गळे कापले, त्याचा नकाशा तिनेच केला होता. एका जखमीचा एक ठिपका.

"अगं, सगळ्यात जास्त माणसं इथेच कापली ना?"

"म्हणून तर ठिपक्यांवर ठिपके बसून नुसता काळा डाग झाला होता. साहेब म्हणाले, विरळ कर. मी अर्ध्या किलोमीटरला एकच ठेवला, बाकीचे उडवले. पोलिसांनी तेच ठिपके मोजून पूल बंद केलेत, बाबा. इथे एकच दिसला त्यांना."

माझा मुलगा तन्मय स्कूटर घेऊन पुलापलीकडे संक्रांतीची मिठाई, फिणी, आणायला गेला होता. फोन उचलत नव्हता. आम्ही धावलो.

पुलाच्या मध्यावर एक तरुण मोटरसायकलखाली पडला होता. गळ्यावर दाबलेल्या त्याच्या बोटांमधून रक्त उसळत होतं. मी मफलर काढून जखमेवर दाबला. कोणीतरी शेजारच्या गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांवर दगड भिरकावला. वरून वीट आली आणि एका बाईचं कपाळ फुटलं.

तेवढ्यात तोच मांजा पुन्हा ताणला गेला, रस्त्यावर आडवा, गळ्याच्या उंचीवर. समोरून तन्मय येत होता.

ज्ञानदाने झेप घेऊन मांजा दोन्ही मुठींत धरला आणि खाली ओढत रस्त्यावर बसली. गच्चीवरची पोरं ओरडली, "खींच! खींच!" मांजा तिच्या मुठींतून करवतीसारखा सरकला. रक्त कोपरापर्यंत आलं.

तन्मयने ब्रेक मारला, स्कूटर घसरली, त्याचा गुडघा सोलून निघाला.

"सोड! बोटं जातील, ज्ञानदा!"

"मागे बघ! आधी त्यांना थांबव!"

त्याच्या मागे स्कूटरींची रांग होती. त्याने आपली स्कूटर तशीच रस्त्यात आडवी ओढली आणि हात पसरून उभा राहिला.

"अबे, पागल है क्या?" कोणीतरी त्याच्या छातीत बुक्की मारली. तो हलला नाही.

जखमेवरचा मफलर दुसऱ्या एकाला दाबायला देऊन मी मांजा दातांनी तोडायला गेलो. ओठ फाटला, मांजा तुटला नाही.

शेवटची स्कूटर शिव्या देत थांबली, तेव्हाच ज्ञानदाने मुठी उघडल्या. उजवी करंगळी उघडली नाही.